क्रम मोडू नका

महोदय,

ब्रिटिश गायिका ॲडेलच्या ‘३०’ या २०२१ साली आलेल्या अल्बमवर आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. ‘घटस्फोटाची गाणी’ म्हणून त्याची बोळवण केलेली पाहून राहवलं नाही.

मिरजेत बावीस वर्षं माझं कॅसेटचं दुकान होतं. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, ‘बी बाजूचं तिसरं तेवढं ऐकवा.’ मग पेन्सिल घालून रीळ फिरवत बसायचं. तेव्हा क्रमाचा विचार मीही कधी केला नाही. माझं इंग्रजी बेताचंच, त्यामुळे नातीनं शेजारी बसून अर्थ सांगत बाराही गाणी ऐकवली. तिसऱ्या गाण्यात मधेच बाई आपल्या लहान मुलाशी बोलताना ऐकू येतात. हे घरातलं, खरं बोलणं ध्वनिमुद्रित केलेलं आहे. आई-बाबा वेगळे का झाले, हे पोराला कसं सांगायचं, याची ती धडपड. शेवटी रडवेल्या आवाजातला एक फोनवरचा निरोप. सूर वगैरे काही नाही, नुसता हुंदका. नात अर्थ सांगायची थांबली. गरजही नव्हती.

या बाईंच्या आग्रहावरून स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपनं अल्बमच्या पानावरचं गाणी उलटसुलट लावणारं बटण मागे सारलं, ही बातमी मात्र आपण दिलीच नाहीत. आमच्या धंद्यात एवढा मान कुणा गायकाला मिळालेला मी पाहिला नाही. (आम्ही तर कव्हरवरची गाण्यांची यादीही धड छापत नव्हतो!)

पुढच्या वेळी परीक्षण लिहिणाऱ्यांना आधी सगळी गाणी ओळीनं ऐकायला सांगा.

– एक जुना कॅसेटवाला, मिरज