ताज्या मासळीला वास नसतो हो!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा सोसायटीच्या मीटिंगमधे पुन्हा तोच विषय, कोपऱ्यावरची मासळीची लारी (हातगाडी) हटवा, "बहु वास आवे छे". मी दांडिया बाजारात वाढलेला बडोदेकर, शेजार सगळा शाकाहारी, रविवारी खिडक्या लावून बांगडा तळायची लहानपणापासून सवय, त्यामुळे भांडण नाहीये, पण एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितोय. ताज्या मासळीला वास नसतो. म्हणजे असतो, पण खाऱ्या वाऱ्याचा. ज्याला आपण नाक मुरडतो तो शिळेपणाचा वास. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं, त्याला वास नाही, मासा मेला की बॅक्टेरिया त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि जे उरतं ते जिन्यापर्यंत घमघमतं. आंबटाने ते दबतं. आजी लिंबू नाहीतर कोकमाचं आगळ चोळून ठेवायची, केमिस्ट्री तिच्या गावीही नव्हती.

मागे वेरावळ बंदरात गेलो होतो. मोठे ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात असतात, त्यांचा माल बर्फातलाच, पण छोट्या होडीतून त्याच सकाळी आलेलं पापलेट हातात घेतलं आणि बघतच राहिलो, डोळा टपोरा, कल्ले लालबुंद, बोट दाबलं तर खड्डा लगेच भरला. नुसतं मीठ-हळद लावून तव्यावर टाकलं, मसाल्याचा डबा उघडलाच नाही. तेव्हा कळलं की घरी आपण इतकं आलं-लसूण माशासाठी नाही, वास झाकायला घालतो (बायकोला हे पटलेलं नाही).

बडोद्याला समुद्र नाही, मासळी रात्रभर थर्मोकोलच्या डब्यातून येते, म्हणजे सगळा खेळ बर्फाचा. त्यात बोंबील तर बहुतेक पाणीच, उन्हात तासाभरात लगदा. लारीवाला सकाळी एक लादी आणतो, अकराला तिचं पाणी, आणि ते पाणी जायला गटार नाही, धुवायला नळ नाही, वर सावली नाही, मग वास येणार नाही तर काय होणार?

गुजरातला एवढा लांबलचक किनारा, २०२३ मधे घोळ हा राज्याचा मासा म्हणून जाहीर पण झाला, आमच्या बाजारात मात्र तो मासा मी अजून पाहिला नाही, नुसता घोळच पाहतोय.

तेव्हा लारी हटवायच्या आधी तिला एक नळ, एक शेड आणि दुपारची दुसरी बर्फाची लादी मिळते का बघा, मग वासाचं बोलू. आणि हो, मासळीप्रेमींनो, जून-जुलैमधे बोटी बंद असताना कोणी "आजचं ताजं पापलेट" म्हणालं तर आधी कल्ले उघडून बघा, मी दोनदा फसलोय.

आपला,
एक मासेखाऊ बडोदेकर
दांडिया बाजार, बडोदा