गंधपुऱ्याचे झुडूप जांबोटीच्या रानात सापडणार नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सांधेदुखीवरील तेलांविषयी लेख आला होता. गंधपुऱ्याचे झुडूप खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात उगवते आणि त्याची पाने गोडेतेलात उकळून घरच्या घरी औषध करता येते, असे त्यात म्हटले आहे. लेखकाचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण ही दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि ऊसतोडीच्या हंगामात कंबर धरलेला एखादा माणूस त्यांवर विसंबून रानात गेला, तर भलत्याच झाडाचा पाला घेऊन परतेल.

गंधपुरा, म्हणजे गॉल्थेरिया फ्रॅग्रंटिसिमा, हे एरिकेसी कुलातील, ऱ्होडोडेंड्रॉन आणि ब्लूबेरीच्या गोतावळ्यातील सदाहरित झुडूप आहे. आपल्या देशात ते हिमालयात, खासी टेकड्यांत आणि दक्षिणेकडे निलगिरी व पलनीच्या डोंगरांवर, शोला जंगलांच्या, म्हणजे उंच डोंगरांवरच्या घळींतील खुरट्या सदाहरित जंगलांच्या, कडेला वाढते. दक्षिणेत त्याचे खरे घर साधारण दीड हजार मीटरच्या वर आहे, जिथे वर्षाचा बराच काळ ढग जमिनीला टेकलेले असतात आणि हिवाळ्यात गवतावर दहिवर गोठते. निलगिरीचे सर्वांत उंच शिखर दोड्डबेट्टा २,६३७ मीटर उंच आहे. बेळगाव शहर साडेसातशे मीटरच्या आसपास, आणि चोर्ला घाटाचा माथाही त्याहून फार वर नाही. आपल्याकडची जांभ्यावरची माती आम्लधर्मी असते आणि या कुलाला तशीच माती मानवते, हे खरे. या झुडपांची केसासारखी बारीक मुळे एका विशिष्ट बुरशीच्या साहाय्याने आम्लधर्मी, निकस जमिनीतूनही नत्र आणि स्फुरद मिळवतात. परंतु एप्रिलमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो आणि पावसाळा संपल्यावर कित्येक महिने थेंब पडत नाही, अशा ठिकाणी नुसती माती जुळून भागत नाही.

आपल्या रानात घोटाळा होण्याची शक्यता आहे ती अंजनी या झाडाशी. तिचीही पाने चिवट, चकचकीत असतात आणि फळे पिकल्यावर काळपट जांभळी होतात. ओळखायचे असेल तर फांदी हातात घेऊन पाहावे. अंजनीची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि त्यांची कडा सरळ असते. गंधपुऱ्याची पाने एकाआड एक येतात, कडेला बारीक दाते असतात आणि खालच्या बाजूला बारीक ठिपके दिसतात. अंजनीचा फुलोरा निळाजांभळा व गजबजलेला, तर गंधपुऱ्याची फुले पांढरट, तोंडाशी आवळलेल्या लहान घटांसारखी, पानांच्या बेचक्यातून निघणाऱ्या मंजिऱ्यांवर ओळीने लटकतात. त्यांतील परागकोश उभे उकलत नाहीत, त्यांना टोकाशी छिद्रे पडतात, आणि परागकण सुटे न राहता चार-चारांच्या पुंजक्याने बाहेर येतात. फळ तर पाहण्यासारखेच असते. खरे फळ म्हणजे आतली छोटी कोरडी बोंडी. बाहेरून जो निळाजांभळा गर दिसतो तो फुलाचा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे आवरण, असतो, जो फूल गळल्यावर फुगून रसदार होतो आणि बोंडीला वेढून टाकतो. पक्षी खातात तो हा गर. त्याबरोबर बारीक बी आपोआप पोटात जाते.

आता तेलाविषयी. पानात तयार तेल साठवलेले नसते. तिथे असते गॉल्थेरिन नावाचे संयुग. पान चुरडले आणि पाण्यात भिजले की पानातलेच विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते, आणि मग मिथाइल सॅलिसिलेट सुटून बामाचा तो ओळखीचा वास दरवळतो. म्हणूनच पाने आधी कोमट पाण्यात भिजवून मग ऊर्ध्वपातन करतात. गोडेतेलात उकळून विशेष काही हाती लागणार नाही. या तेलातील मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट आहे हे कहूर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८४३ साली गंधपुऱ्याच्या अमेरिकन भावंडाच्या तेलावरून दाखवून दिले. पुढे ते कारखान्यात सॅलिसिलिक आम्ल आणि मिथेनॉलपासून बनू लागले, आणि आज दुकानांतील बाम-मलमांत असते ते बहुतेक असेच बनवलेले. त्यात फसवणूक काही नाही, रेणू तोच आहे. फक्त ‘डोंगरातली जडीबुटी’ म्हणून जास्त पैसे मोजू नयेत एवढेच.

लेखात राहून गेलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे तेल पोटात घ्यायचे नसते. चहाच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटर शुद्ध तेलात, सुमारे सात ग्रॅम अॅस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते. लहान मुलाचा जीव जायला ते पुरेसे आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, विशेषतः वॉरफरिन, चालू असलेल्यांनी तर ते अंगाला भरपूर चोळण्याआधीही डॉक्टरांना विचारावे. तालमीत आणि घराघरांत बाटली कोनाड्यात उघड्यावर ठेवण्याची सवय आहे, ती मोडायला हवी.

येत्या रविवारच्या पुरवणीत या दुरुस्त्या, निदान पोटात न घेण्याविषयीची सूचना तरी, त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक
खानापूर, जि. बेळगाव