इकडचा बांबू म्हणजे आपला माणगा नव्हे

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मी मूळची सिंधुदुर्गातली, बरीच वर्षं अमेरिकेत कनेक्टिकटला असते, तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचते. परवाच्या पुरवणीत परदेशातल्या बागांवरचा लेख आवडला, पण त्यात कुंपणाला बिनधास्त बांबू लावा असं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

आपल्याकडचा बांबू, माणगा घ्या नाहीतर कळक, त्याचं बेट होतं. नवा कोंब जुन्या काठीच्या बुडाशीच येतो, बेट रुंदावतं पण जागा सोडत नाही. इकडच्या बर्फात तग धरणारा फायलोस्टॅकिस हा बांबू मात्र धावतो, त्याचं आडवं खोड जमिनीखाली वरच्या फूटभर मातीतून दोरीसारखं पळतं आणि पेरापेराला कोंब काढतं. आम्ही शेजारच्या हद्दीला तीन रोपं लावली, नर्सरीवाल्याने काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पहिली दोन वर्षं काहीच वाढ दिसेना म्हणून मी वर खतपाणीच करत होते. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात शेजारच्या आजींच्या लॉनमध्ये बावीस कोंब मोजले, एक तर ड्राइव्हवेच्या डांबराच्या भेगेतून वर आलेला, टोक दाभणासारखं. आजी एक शब्द बोलल्या नाहीत, पण मला मान वर करवेना. ते सगळं खणून काढण्यात आमचे दोन उन्हाळे गेले, कुऱ्हाड आणि करवत घेऊन.

इथे 2013 पासून कायदा आहे, असा धावणारा बांबू दुसऱ्याच्या हद्दीत गेला तर नुकसान लावणाऱ्याने भरायचं, हद्दीपासून 40 फुटांच्या आत लावायचा तर अडवूनच. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये तर यातल्या दोन जाती विकायलाही बंदी आहे.

तरी बांबू लावूच नका असं मी म्हणणार नाही, बर्फाच्या वजनाने वाकून जमिनीला टेकलेली काठी ऊन पडलं की सावकाश उभी राहते ते बघायला मला अजून आवडतं. पण आधी चर खणा, त्यात एचडीपीई या टणक प्लॅस्टिकचा दीड मिलिमीटर जाडीचा 30 इंची पत्रा उभा घाला, 28 इंच खाली नि दोन इंच जमिनीवर, वरची कड बाहेर कललेली ठेवा म्हणजे खोड आपटून खाली न शिरता वर वळतं. तळ मोकळाच ठेवा नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. आणि वरच्या दोन इंचांवर पालापाचोळा साचू देऊ नका, खोड तिथूनच पलीकडे जातं, म्हणून दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरला कडेने फिरून जे वर आलंय ते कापायचं. एवढी मेहनत जमणार नसेल तर फार्जेशिया हा बांबू आणा, तोही थंडीतला पण आपल्या माणग्यासारखा बेट करून राहणारा, फक्त दुपारचं कडक ऊन त्याला सोसत नाही.

इकडे लोक एप्रिल-मेमध्ये रोपं घेतात, त्याआधी पुरवणीत एवढं छापलंत तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, कनेक्टिकट