हॉट वर्कचे प्रशिक्षण एकट्या वेल्डरपुरते नको

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागल्याची बातमी आली की ‘वेल्डिंगच्या ठिणगीमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य तिच्यात बहुधा असतेच, आणि बातमीही बहुधा तिथेच संपते. ठिणगी तर पडणारच. वेल्डिंग, गॅस कटिंग किंवा ग्राइंडिंग (या कामांना एकत्रितपणे हॉट वर्क म्हणतात) ठिणगीवाचून होत नाही. ती जिथे पडली तिथे पेट घेण्याजोगे काय होते, ते काम सुरू होण्यापूर्वी कोणी पाहिले होते का आणि पाहण्याची जबाबदारी ज्याच्याकडे होती त्याला ते काम कोणी शिकवले होते का, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. बांधकामावरील सुरक्षा प्रशिक्षणाशी माझा बरीच वर्षे संबंध आहे, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आज जे प्रशिक्षण दिले जाते त्याचा रोख जवळजवळ सगळा वेल्डरच्या स्वतःच्या शरीराकडे असतो. ते आवश्यकच आहे. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या प्रखर ज्योतीच्या, प्रकाशाने भाजलेले डोळे लगेच दुखत नाहीत, काही तासांनी, अनेकदा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर काम केल्यावर जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडीताप भरतो आणि तो हवाबदलाचा समजून सोडून दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगच्या धुराची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केली, हेही वेल्डरला सांगायलाच हवे. पण काच, हातमोजे, ॲप्रन आणि मास्क एवढ्यावर प्रशिक्षण संपले, तर ज्या आगीत दुसरीच माणसे मरतात त्या आगीबद्दल आपण काहीच शिकवलेले नसते.

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर 11 एप्रिल 1996 रोजी लागलेल्या आगीत 17 जणांचा मृत्यू झाला. वेल्डिंगचे काम चालले होते ते टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्याच्या सांध्यावर, म्हणजे उघड्या हवेत. आग लागली ती त्याखालच्या छताच्या पोकळीत, तिथल्या पॉलिस्टायरीनच्या (थर्मोकोलच्या) थरात. दक्षिण कोरियातील इचॉन शहरात एप्रिल 2020 मध्ये बांधकाम चालू असलेल्या गोदामाला आग लागून 38 कामगार दगावले, तेव्हाही वेल्डिंगची ठिणगी युरेथेन फोमच्या थरात शिरून आधी ज्वाळेविना धुमसत राहिली, असे तपासात पुढे आले. त्याच शहरात 2008 सालीही शीतगृहाच्या बांधकामावर 40 कामगार होरपळून गेले होते. शांघायमध्ये नोव्हेंबर 2010 मध्ये दुरुस्ती चालू असलेल्या एका उंच निवासी इमारतीत 58 जण मेले. परांचीभोवतीची जाळी आणि फोम यांनी पेट घेतला होता, आणि वेल्डरांकडे परवाना नव्हता. पहिल्या दोन्ही घटनांत आग वेल्डरच्या नजरेच्या टप्प्यात नव्हती, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काच खाली ओढलेल्या माणसाला आर्कपलीकडचे दिसत नाही. त्याला कितीही शिकवले तरी तो खालच्या मजल्यावर बघू शकणार नाही.

त्यासाठीच फायर वॉच, म्हणजे काम चालू असताना आणि नंतरही आगीवर लक्ष ठेवणारा माणूस असतो, आणि प्रशिक्षणाची सर्वांत मोठी उणीव नेमकी तिथे आहे. प्रत्यक्षात हे काम हेल्परच्या गळ्यात पडते. तोच वेल्डिंग रॉड देतो, केबल ओढतो, तुकडा धरून ठेवतो आणि कागदोपत्री आगीवर लक्षही ठेवतो. एक नेहमीचे दृश्य सांगतो. पाइपच्या डक्टमध्ये ब्रॅकेट जोडण्याचे काम चालू आहे, शेजारी अग्निशामक सिलिंडर घेऊन हेल्पर वेल्डरच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे आणि तोही आर्ककडेच बघतो आहे. स्लॅबमधून पाइप जिथून खाली जातो तिथे दोन बोटांची फट उघडी आहे. तापलेला स्लॅग (वेल्डिंगमधून निघणारा मळ) त्या फटीतून दोन मजले खाली, इन्सुलेशनच्या कात्रणांच्या ढिगावर पडतो. फायर वॉच हजर आहे, अग्निशामकही भरलेला आहे, परमिटवर, म्हणजे हॉट वर्कच्या लेखी परवानगीवर, सही आहे. फक्त माणूस चुकीच्या मजल्यावर उभा आहे. ठिणग्यांसाठी साधारण 35 फुटांचा, म्हणजे सुमारे 11 मीटरचा घेर मोकळा किंवा झाकलेला असावा असा सर्वमान्य दंडक आहे, पण उंचीवर काम असेल तर तो घेर खालच्या दिशेनेही मोजायचा असतो, हे वर्गातल्या फळ्यावर शिकवून डोक्यात बसत नाही. ते जागेवर नेऊनच दाखवावे लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. काम थांबल्यानंतर फायर वॉचने किती वेळ थांबायचे? अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने आपल्या हॉट वर्कविषयक मानकात 2019 च्या आवृत्तीपासून ही मुदत अर्ध्या तासावरून एक तास केली, कारण धुमसणारी आग उशिरा डोके वर काढते. आता शेवटचा जोड सुट्टीच्या पाच मिनिटे आधी संपत असेल, तर हेल्परने तासभर एकट्याने थांबावे अशी अपेक्षा कोण करणार? म्हणून हा धडा खरे तर सुपरवायझरचा आहे. दिवसाचे शेवटचे वेल्डिंग सुट्टीच्या किमान तासभर आधी बंद होईल असे वेळापत्रक आखणे त्याच्या हाती असते, हेल्परच्या नव्हे. परमिटचेही तसेच. सकाळी साइट ऑफिसात बसून दिवसभराच्या परमिटांचा गठ्ठा सह्या करून मोकळा करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांना प्रशिक्षणाला बसवायला मात्र सगळेच कचरतात.

वरच्या मजल्यावर कटिंग चालू असताना खाली थिनर वापरणारा रंगारी किंवा वॉटरप्रूफिंगवाला यांनाही किमान एवढे कळले पाहिजे की आपले काम त्या वेळी तिथे करायचे नाही. वेगवेगळ्या ठेकेदारांची माणसे एकमेकांच्या परमिटांविषयी अनभिज्ञ असतात, आणि आठवड्याच्या मध्ये नव्याने आलेला कामगार तर कोणत्याच वर्गात बसलेला नसतो.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दलही बोलले पाहिजे. कामगाराला न समजणाऱ्या भाषेतली पडद्यावरची चित्रे, मग हजेरीपटावर अंगठा किंवा सही, याला प्रशिक्षण म्हणणे धाडसाचे आहे. मोकळ्या, सुरक्षित जागी पत्र्याच्या ट्रेमध्ये चिंध्या आणि लाकडाचा भुसा ठेवून त्यावर तापलेल्या स्लॅगचे दोन तुकडे टाकावेत आणि त्याकडे पाठ करून पुढचे बोलणे चालू ठेवावे. बऱ्याच वेळाने, विषय भलताच चालू असताना, जेव्हा जळका वास येऊ लागतो तेव्हा फायर वॉचने थांबायचे कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही. अग्निशामकाची पिन प्रत्येकाने स्वतःच्या हाताने ओढलेली असावी. रिकामा ड्रम कापायला घेण्यापूर्वी त्यात काय होते हे विचारायचे, कारण तळाशी राहिलेल्या थेंबांची वाफच स्फोटाला पुरते. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लावायचे नाही. ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा ठेवून वापरायचा नाही. फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत नळीतून उलटी सिलिंडरकडे जाऊ न देणारी झडप, काढून ठेवायचे नाहीत. आणि ऑक्सिजनच्या नळीने अंगावरची धूळ उडवण्याची जी सवय सर्रास दिसते ती तर पहिल्याच दिवशी मोडली पाहिजे, कारण कपड्यात मुरलेल्या ऑक्सिजनमुळे एक ठिणगीही माणसाला पेटवू शकते.

हे सक्तीने होऊ शकते. अमेरिकेतील बॉस्टन शहरात मार्च 2014 मध्ये विनापरवाना वेल्डिंगमुळे लागलेल्या आगीत अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, त्यानंतर तिथे हॉट वर्क करणाऱ्यांसाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र बंधनकारक झाले. परमिटवर सही करणारा, वेल्डर आणि फायर वॉच या तिघांपैकी कोणा एकाकडे जरी असे प्रमाणपत्र नसेल तरी परमिट वैधच मानू नये, असा नियम करण्यात काही अवघड नाही.

खर्चाचा प्रश्न येतो तो शेवटी. हेल्मेट, बूट, हातमोजे यांची किंमत निविदेत धरलेली असते. प्रशिक्षणात गेलेल्या तासांची मजुरी आणि काम संपल्यानंतर थांबणाऱ्या फायर वॉचचा तास मात्र कुठल्याच रकान्यात नसतो, त्यामुळे ठेकेदार तो वाचवतो आणि हेल्पर तो फुकट देत नाही. निविदा काढणाऱ्या यंत्रणांनी आणि बांधकाम कंपन्यांनी या दोन्ही तासांसाठी स्वतंत्र बाब ठेवावी आणि ते तास भरले गेल्याची नोंद पाहिल्याशिवाय त्या बाबीचे बिल मंजूर करू नये.

कळावे,
आपला विश्वासू,
एक बांधकाम सुरक्षा प्रशिक्षक