बाबा, सोमवारी श्वास रोखायचा नाही

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले, सीटी झाला, पेट स्कॅन झाला, आता परत कसला स्कॅन, आणि आई मागून म्हणाली की नुसते पैसे काढायचे धंदे आहेत, तेव्हा मी मशीनवर होते, शेजारी पेशंट थांबलेला, नीट सांगता आलं नाही. रात्रभर ते डोक्यात राहिलं. म्हणून लिहितेय, आई तू मोठ्याने वाचून दाखव त्यांना, घाई नको.

पैसे काढायचा धंदा नाही हा. आधीच्या दोन स्कॅननी गाठ कुठे आहे आणि अजून कुठे पसरलीय का ते सांगितलं. पसरलेली नाही, हे मी परत लिहिते कारण ते लिहिताना मला बरं वाटतं. पण शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायचा तर अजून एक गोष्ट कळावी लागते, बाबांच्या श्वासासोबत ती गाठ किती हलते. ती आहे उजव्या फुफ्फुसात एकदम खाली, श्वासाच्या पडद्याला लागून, आणि पडदा प्रत्येक श्वासाला खाली जातो वर येतो, त्याच्यासोबत गाठ पण. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला असती तर बहुतेक दोन-चार मिलिमीटर हलली असती, खालच्या गाठी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर पण हलतात.

बाबा, तुम्हाला आठवतं, मी आठवीत असताना मामाचा कॅमेरा घेऊन एमआयडीसीत तुमच्या मागाचा फोटो काढायला आले होते? माग चालू होता आणि फोटोत धोट्याच्या जागी नुसता पांढरा फराटा आला, मी रडले होते. पेट स्कॅनमध्ये तसंच होतं, एकेका जागेचा फोटो दोन-तीन मिनिटं चालतो, तेवढ्यात तुमचे तीस-चाळीस श्वास होतात, गाठीचा फराटा येतो. साध्या सीटीत उलटं, तो इतका भरभर होतो की गाठ सापडेल त्या क्षणाला पकडली जाते, कधी आहे त्यापेक्षा लांब दिसते, कधी आखूड, कधी तर मधेच तुटल्यासारखी. अशा फोटोवरून शेक कुठे द्यायचा ते ठरवलं तर गाठीची एखादी कड बाहेर राहू शकते, आणि मला नेमकी तीच भीती आहे.

सोमवारचा स्कॅन फोर-डी सीटी. त्यात काय करतात, तुम्हाला माग माहितीय म्हणून सांगते. मागाच्या प्रत्येक फेऱ्यात ठराविक वेळेला धोटा ठराविक जागीच असतो ना? मग पुष्कळ फेऱ्यांचे फोटो काढले आणि फेऱ्याच्या त्याच टप्प्यावरचे सगळे एका गठ्ठ्यात लावले, तर त्या गठ्ठ्यात धोटा स्थिर दिसेल. तसंच तुमच्या श्वासाचे दहा टप्पे पाडतात, आत घेताना, पूर्ण भरल्यावर, सोडताना असे, आणि प्रत्येक टप्प्याचा वेगळा पूर्ण सीटी तयार होतो. कुठला फोटो कुठल्या टप्प्याचा हे कळायला पोटावर एक छोटा डबा ठेवतात, त्याच्यावरचे ठिपके कॅमेरा बघतो, काही ठिकाणी डब्याऐवजी पट्टा बांधतात. टोचत वगैरे काही नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन झोपायचं, खाली हवा काढली की घट्ट होणारी गादी असते ती तुमच्या अंगाच्या आकाराची होते, रोज त्याच गादीवर झोपवणार. आणि आई, ते अंगावर दोन-तीन बारीक ठिपके गोंदतील, तुझ्या हनुवटीवरच्या गोंदणापेक्षाही लहान, त्याने घाबरू नकोस, रोज त्याच जागी नीट झोपवता यावं म्हणून असतात ते.

दहा चित्रं आली की डॉक्टर गाठ जिथे जिथे जाते ती सगळी जागा मिळून एक आकार काढतात. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात तेव्हा लोक काठीच्या जाडीएवढीच जागा सोडतात का, काठी डोलून जिथवर जाईल तिथवरची सोडतात, तसंच. १९९९ साली किरणोपचाराच्या मोजमापांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ह्या आकाराला रीतसर नाव दिलं. आणि २००६ साली अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्ट लोकांच्या, म्हणजे माझ्यासारखंच किरणांचं मोजमाप बघणाऱ्यांच्या, संघटनेने सांगितलं की गाठ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर त्याचा बंदोबस्त केला पाहिजे.

हे नव्हतं तेव्हा सगळ्यांना सरसकट गाठीभोवती मोठी कड धरून शेक द्यायचे. थोडी जास्त घेतली तर काय बिघडतं असं आईला वाटेल, तर आई, तुझा शेंगाचा लाडू डोळ्यासमोर आण. ३ सेंटीमीटरचा लाडू सगळीकडून १ सेंटीमीटरने वाढवला की ५ सेंटीमीटरचा होतो, आणि त्याला सारण साडेचार पटीपेक्षा जास्त लागतं. ते जास्तीचं सारण म्हणजे बाबांचं चांगलं फुफ्फुस. शेक लागून त्याला सूज आली तर खोकला, दम, ते मला नकोय.

अजून एक. ती दहा चित्रं एकावर एक ठेवून कॉम्प्युटरकडून पटकन एक चित्र काढता येतं, पण बाबांच्या गाठीला तेवढं पुरत नाही, कारण पडद्याखाली लिव्हर आहे आणि तोही चित्रात तसाच पांढरा, गाठीची खालची कड त्याच्यात हरवते. एकेका चित्रात बघून हाताने कड काढावी लागते. मी तिथल्या फिजिसिस्टशी बोललेय, ते तसंच करणार आहेत. स्कॅनमध्ये साध्या सीटीपेक्षा किरणं जास्त लागतात हे खरंय, पण शेकाच्या मानाने ती फारच कमी.

आता बाबा, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. तुम्ही डॉक्टरसमोर ताठ होता. छाती फुगवून मोठा श्वास घेता, खोकला दाबता, मला फोनवर पण कळतं, बोलता बोलता मधे थांबता आणि रिसीव्हर आईकडे देता. सोमवारी असं करू नका. त्या दिवशी तुम्ही मोठे मोठे श्वास घेतले तर प्लॅन त्या श्वासाचा होईल, आणि शेकाच्या दिवशी तुम्ही तुमचा नेहमीचा छोटा श्वास घ्याल, मग गाठ एकीकडे आणि प्लॅन दुसरीकडे. मधेच रोखला, मधेच भरभर घेतला तर गठ्ठे चुकतात, चित्रात पडदा पायऱ्या पायऱ्यांचा दिसतो. संध्याकाळी कट्ट्यावर बसून तळ्याकडे बघत असता ना, तेव्हा जसा चालतो तसाच हवाय. त्यांनीच रोखायला सांगितलं तर गोष्ट वेगळी. दम लागला तर दम लागतोय म्हणा, खोकला आला तर हात न हलवता सांगा, ते थांबतील, परत घेतील. तुम्हाला बरं नाही हे लपवून मला बरं वाटत नाही बाबा.

आई, रोज रात्री जेवणानंतर तासाभराने ते आडवे झाले की घड्याळ लावून मिनिटाला किती श्वास होतात ते मोज आणि कॅलेंडरवर लिही. त्यांना सांगू नकोस मोजतेयस म्हणून, सांगितलं की बदलतात. हात डोक्यावर घेऊन वीस मिनिटं पडून राहायची सवय पण करा, उजवा खांदा दुखत असेल तर आत्ताच कळव, मी आधीच त्यांच्या कानावर घालते.

जुन्या सीडी, बायोप्सीचा कागद, सगळं त्या निळ्या पिशवीत. पुढून बटणं असलेला सदरा घाला, गळ्यातली माळ घरी काढून ठेवा.

मी शनिवारी पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघते, पोचायला रात्र होईल. बाबांना स्टेशनवर पाठवू नकोस, मी रिक्षाने येते. भाकरी झाकून ठेव, दोघं जेवून घ्या.

तुमची
ताई