गृहमंत्र्यांना खुले पत्र: मोहल्ला समितीची किंमत फोटोवरून ठरवू नका

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

भिवंडीने 1970 आणि 1984 च्या दंगली सोसल्या. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी पोलिसांसोबत एकत्र बसू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

मीही आमच्या वस्तीतल्या समितीचा सदस्य आहे. आमच्याकडे गणपती किंवा ईद जवळ आली की पोलीस ठाण्यातून फोन येतो. चहा, साहेबांचे भाषण, रजिस्टरवर सह्या, एक फोटो. अहवालात लिहिले जाते, 'बैठक संपन्न'.

गेल्या पावसाळ्यात घरकाम करणाऱ्या एका ताईंचा मोबाइल रिक्षा थांब्यावर दोन पोरांनी हिसकावून नेला. मी त्यांच्यासोबत ठाण्यात गेलो. हाती मिळाला तो मोबाइल 'गहाळ' झाल्याचा दाखला. "हरवला नाही हो साहेब, ओढून नेला," हे त्यांनी तीनदा सांगितले. कागदोपत्री त्या दिवशी आमच्याकडे चोरी झालीच नाही. उद्या हेच आकडे 'समितीमुळे गुन्हे घटले' म्हणून आपल्यासमोर येतील, आणि आपण त्यावर विश्वास ठेवाल, याची मला काळजी वाटते.

साहेब, समिती खरोखर चालली तर सुरुवातीला नोंदलेले गुन्हे वाढतील. लोकांची भीड चेपली की ते तक्रार द्यायला येतात. त्या वाढीबद्दल ठाणेदाराला जाब विचारू नका.

बीट अंमलदारांना, म्हणजे आमचा भाग नेमून दिलेल्या पोलिसांना, मी दोष देत नाही. बंदोबस्तातून सुटका होईल तेव्हा ते गल्लीत येणार. आमचे आधीचे हवालदार पोरांना नावाने हाक मारायचे. त्यांची बदली झाली आणि नवे कोण आले, हे समितीलाच दोन महिन्यांनी कळले. केरळात 2008 पासून जनमैत्री योजनेत बीटवरचा पोलीस घरोघरी जाऊन ओळख ठेवतो. आपल्याकडे ते का होऊ नये?

या समित्यांचे मूल्यमापन ठाण्याबाहेरच्या माणसांकडून करून घ्या. त्यांनी दारोदार जाऊन विचारावे: बीट अंमलदाराचे नाव माहीत आहे का? तक्रार द्यायला गेलात तेव्हा काय लिहून मिळाले? मागच्या बैठकीत सांगितलेला बंद दिवा लागला का? बायकांना वेगळे विचारा. घरातल्या पुरुषांसमोर त्या टपरीवरच्या टोळक्याबद्दल बोलत नाहीत.

सुरुवात आमच्या वस्तीपासून केलीत, तर घरे दाखवायला मी स्वतः सोबत फिरेन.

आपला,
मोहल्ला समितीचा एक सदस्य