विषय: न विचारता मारलेला इंजिन फ्लश आणि वर ऐकवलेली अक्कल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या कस्टमर केअरशी पाचव्यांदा बोललो. "केस क्लोज करतोय सर" म्हणून फोन ठेवला गेला. म्हणून हे लेखी.

गाडी 2011 ची पेट्रोल, 1 लाख 38 हजार किलोमीटर झालेली. सांगलीतल्या तुमच्या अधिकृत वर्कशॉपच्या जॉब कार्डवर तीनच कामं होती: ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर. बिलात चौथी ओळ उगवली: इंजिन फ्लश (इंजिनाच्या आतला गाळ धुणारं रसायन), 300 मिली, 650 रुपये. मला विचारलं नाही.

जुन्या ऑइलमध्ये डबा ओतायचा, गाडी जागेवर 10-15 मिनिटं चालू ठेवायची, रेस करायची नाही, गरम असतानाच ऑइल सोडायचं, फिल्टर बदलायचा. हे तुम्हाला माहीत आहेच. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनाचं याने फारसं बिघडत नाही, भलंही होत नाही. पण इंजिनाच्या वरच्या भागात, टॅपेटवर काळा थर बसलेला असेल तर तो सगळा विरघळत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. ते फिल्टरपर्यंत पोचायच्या आधी इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये, पंपाच्या तोंडावरच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की पंपाला ऑइल कमी पडतं, प्रेशर उतरतं आणि मार खातात बेअरिंग आणि कॅम, ऑइलवरच चालणारे भाग. ऑइलचं झाकण काढून आत बॅटरी मारायला अर्धा मिनिट लागतो. तेवढाही कोणी काढला नाही.

620 किलोमीटरनंतर आष्ट्याजवळ, इंजिन तापलेलं असताना, ऑइलचा दिवा लुकलुकला. माधवनगरच्या मेकॅनिकने गेज लावून पाहिलं: आयडलिंगला (गाडी जागेवर चालू असताना) 0.4 बार, म्हणजे फारच कमी. चेंबर उतरवला तर जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली. शिवाय क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील थेंब थेंब गळतंय. जुनं रबर कडक झालेलं असतं, त्याच्या कडेला साचलेला गाळच गळती अडवून धरतो. तो धुऊन काढलात.

आता तुमच्या ॲडव्हायझरचं बोलणं, जसंच्या तसं. मी म्हटलं, दिवा लागतोय. ते म्हणाले, "सेन्सर बदलून घ्या सर." गेजवरचं प्रेशर सांगितलं. "गेज बाहेरचं आहे ना सर?" जाळीचा फोटो पाठवला. "म्हणजे घाण निघाली, चांगलंच झालं की." मग थोडं थांबून, "सर, तुम्ही यूट्यूब फार बघता का?" मागे कोणीतरी हसलं. वा! तुमच्या माणसांनी यूट्यूब बघितलं असतं तर निदान फ्लशचा डबा हातात घेण्याआधी गाडीच्या मालकाला विचारायचं असतं, एवढं तरी कळलं असतं.

तुमच्याच मॅन्युअलमधल्या सर्व्हिस तक्त्यात फ्लश नाही. गाळ झालेल्या जुन्या इंजिनाला चेंबर उतरवून जाळी धुणं, मग सांगितलेल्या ग्रेडचं चांगलं ऑइल घालून दोनदा 2-2 हजार किलोमीटरवर फिल्टरसकट बदलणं, हा रस्ता. गाळ हळूहळू सुटतो. पण यात डबा विकला जात नाही, आणि ॲडव्हायझरचं टार्गेट भरत नाही.

मागणी: फ्लशचे 650 रुपये परत, चेंबर आणि जाळीच्या कामाचा खर्च, आणि मागचं सील तुमच्या खर्चाने. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी सीलपेक्षा कितीतरी जास्त, हेही तुम्हाला माहीत आहे. आणि पुन्हा सांगतो, मला विचारलं नव्हतं.

15 दिवस वाट बघेन. नंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार; 2019 च्या कायद्याने तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि 5 लाखांपर्यंत फी लागत नाही. जॉब कार्ड, बिल, फोटो आणि जाळीतला गाळ भरलेली बरणी जपून ठेवली आहे. चौदा वर्षं दुसऱ्या वर्कशॉपचं तोंड पाहिलं नव्हतं, याची आता लाज वाटते.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

विश्रामबाग, सांगली